आमच्या बांधाचं वय

अरे, रोह्याच्या एका कंपनीत तेव्हा एक इंग्रज साहेब आला होता. त्याला मी वडखळजवळच्या आमच्या गावी जेवायला नेलं. त्याने खिशातून त्याच्या गावच्या चर्चचा फोटो दाखवला. "आठशे वर्षांचं! तुमच्याकडे जुनं काय?"

मी मराठीत सांगितल्यावर माझे काका म्हणाले, "खाडीचा बांध."

तेवढ्यात आरोळी आली, "बांध फुटला!" उधाणाचं पाणी शेतात शिरत होतं. रिवाजाप्रमाणे घरटी एकजण चिखल टाकायला धावला. साहेबही कंबरभर चिखलात उतरला.

पाणी अडल्यावर तो हसला. "काका, हा तर आजचा बांध!"

मी ते काकांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "वरचं ढेकूळ साहेबाचं, ते आजचं हाय. त्याच्या खाली माझ्या आज्याचं हाय. आता साहेबाला इचार, त्या चर्चला त्याच्या हातचं काय लागलंय?"