जी सगळ्यात गप, तिला आधी

संपदा निफाडहून नाशिकला येणाऱ्या बसमध्ये बसली होती. अंबडच्या कंपनीत आज तिला पहिल्यांदाच मीटिंग घ्यायची होती. मागच्या सीटवर द्राक्षांच्या पॅकिंग शेडवर निघालेल्या दोघींचं बोलणं चाललं होतं.

"धोंडाबाई, शेडवर रोज तुम्ही मीटिंग घेता म्हणे?"

"घेते ना. पण उभ्यानं. बसलं का बाया सुनांवर घसरत्या."

"अन् किती वेळ?"

"चहा गार व्हायच्या आत उरकायची."

"साहेब मधी बोलत नाय?"

"ते शेवटी बोलत्या. जी सगळ्यात गप, तिला मी आधी इचारते. परवा नवी बाई म्हणली, खोके दाराजवळ ठेवा, हेलपाटे वाचतील."

"मग?"

"ठेवले. लय वर्षं उगाच चालत होतो आम्ही."

"अन् ती बाई?"

"आता गपच बसत नाय."

दोघी खळखळून हसल्या. संपदाला राहवेना. तिने मागे वळून विचारलं, "मावशी, विचारूनही कुणी बोललंच नाही तर?"

"तर थांबायचं, पोरी. आपण बोलायचं नाय."

अकरा वाजता कंपनीत मीटिंगला सगळे उभे होते. संपदाने स्टोअरमधल्या, सगळ्यात गप असणाऱ्या गंगाधरकाकांना पहिलं विचारलं. काका जमिनीकडे बघत राहिले. ती थांबली.

"मॅडम," काका म्हणाले, "चार वर्षांपासून एक सांगायचं होतं."