टपालपेटीपर्यंत

नाही, नाही, गाडीत बसून बघा ना, संकोच करू नका — फक्त डोकं सांभाळा, छत फार खाली आहे. बायको माझी, नॉर्लिन, एकदाच बसली हिच्यात, चार वर्षांपूर्वी, आणली त्या दिवशी, आणि बाहेर काढायला शेजारचे दोघे बोलवावे लागले — गुडघे तिचे, दुसरं काय. हसत होती तेव्हा. "व्हर्लिन, मला काय रॉकेटात घालून पाठवतोस?" म्हणाली. आता नाही हसत. जाहिरात तिनेच दिलीय, तुम्ही वाचली ती. ही जाऊ दे, म्हणते, मला चढता येईल अशी उंच गाडी आण.

का घेतली? विचारलंत म्हणून सांगतो. आमचा गाड्यांचा कारखाना बंद पडणार अशी बोलणी होती त्या वर्षी. एकतीस वर्षं दारं बसवली मी तिथे, निवृत्त झालो तरी युनियनच्या हॉलवर रोज कॉफीला जायचोच. एक दिवस उभा राहिलो — मी, ज्याला चार ओळी धड वाचता येत नाहीत — आणि म्हणालो, पोरांनो, आपल्या गाड्या आपणच नाही घेतल्या तर कोण घेणार? घ्या एकेक, आणि तीही आठ सिलिंडरची, दणदणीत, रस्त्यावरच्याने वळून बघावं अशी! टाळ्या पडल्या हो. अकरा जणांनी हीच घेतली, माझ्या शब्दावर. त्याच भरात हेही बोलून गेलो की परदेशी गाडीचं चाक माझ्या अंगणाला लागणार नाही. बोललो ते बोललो. नात आमची, ट्रीना, कोरियन गाडी चालवते — ती रस्त्यावरच थांबते. "आजोबा, तुमचं अंगण विटाळायला नको," म्हणते. टोमणा असतो तो, कळतं मला. कारखाना ना? पुढच्या वसंतातच गेला. आता नुसतं मैदान आहे तिथे, कुंपण घातलेलं.

दाराच्या चौकटीत काय बघताय — अहो, तिथे काही नाही. ती पट्टी होय, गाडी कुठे जोडली ते लिहिलेली. बरं, वाचलीतच तुम्ही. हळू बोला, पलीकडेच स्वयंपाकघर आहे. मला न वाचताच कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात धुताना दाराच्या फटीवरून अंगठा फिरवला — आम्ही दार केसभर वर बसवायचो, पुढे ते वजनाने उतरतं म्हणून. हे अगदी सपाट. म्हटलं, हा आपला हात नव्हे. मग ट्रीनाकडून पट्टी वाचून घेतली. कॅनडात जोडलीय. नदीपलीकडे, म्हणजे परदेशातच. तिने दार लावलं, मी पुढे पुसायला लागलो. त्या अकरा जणांनी बघितली असेल? घरच्या गाडीची पट्टी कोण वाचतो? हॉलवर अजून पाठीवर थाप मारतात माझ्या — व्हर्लिनने आपली लाज राखली, म्हणतात. विकली तर विचारतील, का विकलीस? ट्रीनाची गाडी अंगणात घेतली तर नॉर्लिन विचारेल, आज काय बदललं? तिला मी खोटं सांगू शकत नाही, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

हॉर्न ऐकलात? तीच, ट्रीना. मंगळवारी नॉर्लिनला गुडघ्याच्या व्यायामाला नेते. आठवा महिना आहे पोरीला, बर्फावर उतरायचं नाही म्हणून आजीनेच बजावलंय. आणि ही बघा, नॉर्लिन निघालीच वॉकर घेऊन — रस्ता किती निसरडा झालाय. मी टपालपेटीपर्यंत धरून नेतो तिला. पेटीशी अंगण संपतं; त्या परदेशी गाडीपाशी मी दिसायला नको, म्हणून तिथे हात सोडतो. पुढे सहा पावलं असतात, ती एकटीच टाकते, आणि मी पेटी उघडून बघत बसतो, टपाल आलेलं नसलं तरी.

नाही, गाडी विकायची नाही. तसदी दिली, माफ करा. दार हळू लावा. आणि जाताय तसे — तुम्ही त्याच वाटेने जाणार ना? पेटीपर्यंत मी आणतो तिला. तिथून पुढे तुम्ही धरा. मग जा.