बाटलीची गुडगुड

सरांनीच! माझी वाट लावली ती माझ्या गाईडनी, सरांनीच, उगाच नशिबाला कशाला शिव्या घालू... तुम्हाला सांगतो, काम काय होतं माझं? शर्टाच्या बटणाएवढी सिरॅमिकची चकती. तिच्यातले अणू बसल्या जागी थरथरत असतात, सारखे! ती भट्टीत तापवायची, निवताना तिच्यावरून दमट वायू सोडायचा, म्हणजे पाणी आत शिरतं, मग तिचा एक कण दोन हिऱ्यांच्या चिमटीत दाबायचा आणि लेझर मारून बघायचं, दाबल्यावर कोरडीची थरथर किती बदलते, पाणी प्यायलेलीची किती. बस्स! आणि वायू दमट कसा होतो? पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत जातो म्हणून. गुडगुड, गुडगुड... आणि सरांना आवाज सहन होत नाही!

चौदा महिने दाबतोय मी, चौदा! कोरडीचा आलेख, ओलीचा आलेख, एकावर एक ठेवले तर जुळ्या बहिणी! मी हबकलो, सर नाचायचेच काय ते बाकी. "अरे, पाण्याचा परिणाम शून्य! जग एकीकडे, आपण एकीकडे! लिही पेपर!" लिहिला, पाठवलासुद्धा... आणि एका दुपारी डबा अर्धा टाकून विसरलेल्या चष्म्यासाठी लॅबमध्ये येतो तर काय? भट्टी निवतेय, बाटली गप्प, नळीचा कॉक फिरवलेला, वायू बाटलीला वळसा घालून कोरडाच चाललाय, आणि शेजारच्या केबिनमध्ये टेबलावर पाय टाकून सर घोरतायत! घोरणं बाटलीच्या दुप्पट, पण ते चालतं. सरांना आवाज सहन होत नाही... दुसऱ्याचा!

"सर, हे रोज?"

"रोज म्हणजे, जेवणानंतर जरा. चारला फिरवतो की परत!"

"चारला भट्टी गार असते सर! पाणी त्याच्या आधीच शिरतं! आपण कोरडीची तुलना कोरडीशीच केली! पेपर मागे घ्या!"

"हळू बोल."

ऐकलंत? हळू बोल! चूक यांची, आणि आवाज मी कमी करायचा! सरांना आवाज सहन होत नाही ना, मग मी ओरडलोच, अख्खा मजला गोळा झाला. विभागप्रमुख बाई म्हणतात, "ते तीस वर्षं शिकवतायत, तू कोण रे?" घरी बाबा म्हणतात, "माफी माग, डिग्री घे, मग बोल काय ते खरं." म्हणजे खरं बोलायला आधी खोटी डिग्री लागते!

नाही मागितली माफी. पेपर छापून आला, माझं नाव काढून. पाणी शिरल्यावर थरथर किती बदलते? काय माहीत... चार वर्षं गेली, डिग्री नाही.