जुन्या गाडीत नवा गॅस

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "अगं, एवढी घाबरलीस कशाला?" मी घाबरट नव्हे, हे आधी नीट ऐकून घ्या. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली. एकदा भर वर्गात साप निघाला, तेव्हा मुलांना रांगेने बाहेर काढून, फळा पुसून, मग मी बाहेर पडले. पण साप दिसतो हो! तो कुठे आहे, केवढा आहे, कुणीकडे तोंड करून आहे, सगळं समजतं. गॅसचं तसं आहे का?

तुम्हाला सांगते, आमची गाडी जुनी आहे. जुनी म्हणजे, मुलीला शाळेत सोडायला म्हणून घेतली होती आणि आता ती मुलगी स्वतःच्या मुलीला शाळेत सोडते. गाडीचा एसी केव्हाच बंद पडलेला, कारण त्यात जो गॅस भरायचा, तो आता कुणी बनवतच नाही. यंदा उन्हाळा असा तापला की मी आमच्या ह्यांना स्वच्छ सांगितलं, ह्या भट्टीत मी बसणार नाही, तुम्हाला जायचं तिथे एकटे जा. आणि काय आश्चर्य... हे एकटे कुठे जाईनातच! बँक नाही, वाचनालय नाही, मित्र नाहीत. गाडी दारात आणि हे घरात. मला वाटलं, माझ्यावाचून करमत नाही. ह्या वयात असं वाटलं की माणूस हुरळतोच. आणि मग एके दिवशी हे म्हणाले, एसीला नवा गॅस बसवून घेऊ.

बसवून घेऊ म्हणजे काय, गाडीला हार घालण्याइतकं सोपं आहे का? मेकॅनिकने आधी सगळं ऐकवलं. जुनं तेल काढायचं, कारण नव्या गॅसला ते चालत नाही. रबरी रिंगा बदलायच्या, आतली ओल शोषणारा ड्रायर बदलायचा, नळ्या धुवायच्या, आतली हवा पंपाने ओढून काढायची. आणि हे सगळं झाल्यावर, कान खाजवत, सहज म्हणावं तसं म्हणाला, "मावशी, नव्या गॅसचं प्रेशर जरा जास्त असतं. जुन्या नळ्या बहुतेक टिकतात."

बहुतेक! मी त्याला विचारलं, ह्या 'बहुतेक'मध्ये न टिकणाऱ्या किती? तो हसला. मी हसले नाही.

गॅस भरायचा दिवस आला. मदतनीस सुट्टीवर, म्हणून मेकॅनिकने आम्हा दोघांना कामाला लावलं. मला कुठे बसवलं असेल? चालकाच्या जागेवर! जन्मात कधी गाडी चालवली नाही आणि मला सांगतो, गिअर काढलेला आहे, ब्रेक ओढलेला आहे, तुम्ही फक्त ॲक्सिलरेटर एवढासा दाबून धरा, पाय हलवू नका. समोर गॅरेजची भिंत. मी घाबरट नव्हे, पण त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला अजून पाठ आहे.

आमच्या ह्यांच्याकडे त्याहून मोठी कामगिरी. प्रेशर दाखवणारी दोन घड्याळं, एक निळं, एक लाल, माझ्या खिडकीबाहेरच्या आरशाला टांगलेली. ह्यांनी लाल घड्याळाचा काटा वाचत राहायचा. मेकॅनिक पुढे, एका हाताने गॅसच्या टाकीचा नॉब, दुसऱ्या हाताने गाडीच्या नाकावर पाण्याची नळी, का तर तिथली जाळी थंड राहिली पाहिजे. सगळं छान चाललं होतं. हे अधूनमधून "दोनशे... दोनशेच" असं म्हणत होते, समालोचन केल्यासारखे. आणि पाण्याची नळी नळावरून निसटली. मेकॅनिक म्हणाला, "काका, मी नळी बसवून येतो. काटा तीनशेच्या पुढे गेला तर लगेच हाक मारा." आणि गेला.

इंजिन घरघरतंय, माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, आणि हे शांतपणे म्हणतायत, "दोनशे. आरामात आहे." मी म्हटलं, मान तर हलवायला बंदी नाही? म्हणून मान वळवून पाहिलं... काटा चारशेच्या पुढे! मी म्हटलं, अहो, चारशे. हे म्हणाले, "दोनशे." मी म्हटलं, अहो, नीट बघा. हे घड्याळाला नाक लावून म्हणाले, "दोनशेच आहे गं, तू पाय हलवू नकोस."

आणि फुस्स! नुसतं फुस्स नव्हे, कुणीतरी शंभर सायकलींची हवा एकदम सोडावी तसं! बॉनेटखालून पांढरा लोट. मी डोळे मिटून घेतले आणि पाय मात्र तसाच दाबून धरला, कारण तो हलवू नका असं सांगितलेलं होतं. मेकॅनिक धावत आला, किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. जास्त दाब झाला की गॅस सोडून देणारं एक झाकण असतं म्हणे, ते उघडलं. स्फोट वगैरे काही नाही. तो म्हणाला, "काका, काटा दिसला नाही का?"

हे काही बोलले नाहीत.

तुम्हाला सांगते, त्या फुस्सने मी हादरले, पण खरी घाबरले ती त्या गप्प राहण्याने. कारण मला एकेक आठवायला लागलं. वर्षभर हे गाडी चालवताना विचारायचे, सांग पाहू, सिग्नल कोणता? पुढच्या पाटीवर काय लिहिलंय? मी म्हणायची, हे काय नवीन? तर म्हणे, निवृत्तीनंतर बुद्धी तल्लख राहायला हवी. आणि मी, शुद्ध उच्चारांत, पाट्या वाचून दाखवत होते हो! मोठ्या अभिमानाने!

आणि मग आठवला मुलीकडचा प्रवास. हमरस्ता, संध्याकाळची वेळ, आणि मी वाटेत झोपले होते! मी गाडीतून उतरले आणि हळूच विचारलं, "अहो, मी झोपले होते तेव्हा काय केलंत?"

"पुढे एक पिवळा ट्रक होता," हे म्हणाले. "त्याच्या मागे मागे गेलो. सांभाळून चालवत होता बिचारा."

"आणि तो वळला तेव्हा?"

"मीही वळलो. कसलंसं गोदाम होतं. तू उठायच्या आत बाहेर काढली गाडी."

मी घाबरट नव्हे. मी तिथेच टायरच्या ढिगावर बसले. मला सांगितलं का नाही, असं विचारलं, तर म्हणाले, "किल्ली काढून घेतली असतीस." घेतलीच असती! हे म्हणाले, "म्हणून तर. आणि तू असतेस ना शेजारी. तू नसताना मी गाडीला हात लावतो का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हे उन्हाळाभर घरात का बसले आणि एसी एवढ्या हौसेने का करून घेतला! उकाड्याने ह्यांचे डोळे, म्हणजे मी, घरी बसले होते. त्या डोळ्यांना गार वाऱ्यात बसवून पुन्हा बाहेर काढायचं होतं.

किल्ली मी पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गॅस नीट भरला आणि स्वतः गाडी चालवत आम्हाला घरी आणून सोडलं. एसी असा गार की मी शेजारी कुडकुडत होते. ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला, शस्त्रक्रिया झाली की लख्ख दिसेल, गाडीसुद्धा चालवतील. हे लहान मुलासारखे खूश झाले. मीही झाले. का होणार नाही?

फक्त रात्री झोप लागेना. अख्खं वर्ष हा माणूस मी थांबा म्हटलं की थांबत होता, चला म्हटलं की निघत होता, आणि उलट एक शब्द बोलत नव्हता. लग्न झाल्यापासून असं वर्ष मला मिळालं नव्हतं. आता पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया, आणि मग ह्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सुटणार... सुटू दे. कधीतरी सुटणारच होती.