साल्सातला लसूण

एश्बॉर्नहून सुटलेल्या एस-बान लोकलमध्ये मागच्या सीटवर मायलेकींचं मराठी ऐकू आलं, तशी विभावरीने कानातली गाणी बंद केली.

“आई, साल्सा तुला मातेओच्या आईनेच शिकवला ना?”

“हो, विहीणबाईंनीच. मिरच्या तव्यावर काळ्या होईस्तोवर भाजायच्या, लसूण सालासकट भाजायचा आणि सगळं दगडी खलात वाटायचं. आपल्या ठेच्यासारखंच की.”

“गेनाऊ, अगदी तसंच. मग काल लसूण कशी विसरलीस? मातेओ लगेच म्हणाला, माझी आई लसूण घालायची.”

“त्या गेल्यापासून त्याने आईचं नाव तरी काढलं होतं का?”

“एकदाही नाही.”

“आणि काल?”

“जेवण होईपर्यंत तिच्याबद्दलच बोलत होता. मग रडला.”

“हं. आज घालते लसूण.”