नाक्यावर मोजलेला म्हातारा

सांग बरं, भरवसा कुणावर ठेवायचा, आपल्या डोळ्यांवर की नाक्यावरच्या शिपायाच्या?

बोईसरला माझं पत्र्याचं दुकान. त्यातल्याच पत्र्याची ही चाकांवरची खोली मी बांधली आणि जीपमागे ओढत नेपाळला पशुपतीला निघालो. सोबत एडवणचा हरेश कोळी. त्याचा बापूस समुद्रात गेला तो सापडलाच नाही. म्हणून हरेश घरातल्यासारखंच खोलीतही बापाचं ताट आधी वाढायचा.

मी म्हणायचो, "अरे, माश्या बसतात."

"शेट, बापूस उपाशी हाय माजा."

सीमेवर शिपाई खोलीत डोकावला आणि म्हणाला, "तीन आदमी. जाओ." मी हसलो. आम्ही तर दोघेच होतो.

पशुपतीला नदीकाठी हरेशने अखेर बापाचे पिंड दिले. परतताना ताट वाढलं नाही.

नाक्यावर तोच शिपाई. त्याने खोलीत पाहिलं आणि फाटक पाडलं.

"बूढ़ा कहाँ है?"

"कौन बूढ़ा?"

"नीचे बैठा था, कपड़ों से पानी टपक रहा था. कहाँ छोड़ा उसको?"

मी मनात म्हटलं, आता खुनाचा आळ येतो! हरेश मात्र शांत. "मेरा बाप था, साब. दरिया में डूबा था. उधर उसका क्रिया करके आया."

शिपायाने फाटक उचललं. मी खोलीत गेलो. ताटाच्या जागी पत्रा ओला होता. बोट लावून चाखलं, तर खारट.

उद्या तू ही खोली नेतोयस ना? खुशाल ने, भाडं नको. फक्त जाताना किती माणसं होती आणि येताना किती, तेवढा हिशेब मला खरा दे.