आत्याबाईंचा आवाज आणि आमचे हे

...बसले! आणि बसले कशावर म्हणाल? टॅबवर! अहो, घरात सहा खुर्च्या, एक सोफा, खिडकीशी बाकडं, आणि आमच्या ह्यांना बसायला जागा सापडली ती नेमकी आत्याबाईंच्या टॅबवर! कर्रर्रकन आवाज झाला. मला वाटलं खुर्ची मोडली. मग ह्यांचा चेहरा बघितला आणि कळलं, खुर्ची नाही... आत्याबाईंचा आवाज मोडला! पण त्या ॲप स्टोअरचं कौतुक करावं तेवढं थोडं बाई, काही म्हणता काही विचारलं नाही! ते पुढे येईलच, आधी हे ऐका.

आवाज म्हणजे खराच आवाज हो. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या, आमच्याकडेच असतात. तीस वर्षं टायपिंग शिकवलं त्यांनी. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज गेला. मग टॅब घेतला, त्यात बोलायचं ॲप विकत घेतलं. आत्याबाई दहा बोटांनी टाइप करणार आणि आतून एक बाई बोलणार, शांत आणि खणखणीत! आणि हात असा चालतो, तुम्हाला सांगते, माझं एक वाक्य होईपर्यंत त्यांची तीन झालेली असतात!

बरं, बसायला दिवस तरी कुठला निवडावा? त्याच दिवशी पाच वाजता इमारतीची मीटिंग. विषय, लिफ्ट! चौथ्या मजल्यावर आत्याबाईंची मैत्रीण असते, व्हीलचेअरवर. लिफ्ट बंद पडल्यापासून पाच महिने ती बाई खाली उतरलेली नाही. आणि आमचे सेक्रेटरी दर वेळी मिशीवरून हात फिरवत, "बघूऽऽ... पुढच्या मीटिंगला बघू!" आत्याबाईंनी आठवडाभर खपून भाषण तयार केलेलं, ॲपमध्ये साठवून ठेवलेलं. आणि तीन वाजता हे... बसले!

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही लिहून द्या, मी वाचून दाखवते." त्यांनी वही ओढली आणि एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझं मी बोलणार.' खाली दोन रेघा! आणि वही मिटली. पण त्यांची बोटं मांडीवर हलत होती हो... टाइप करत होती. समोर काही नसताना. मला बघवेना.

मी म्हटलं, "अहो, चला की, नवा टॅब आणू." तर हे पांढरेफटक! "टॅबचं नाही गं... लायसन्स! लायसन्स जुन्या टॅबवर होतं!"

आता ह्यांचंही चूक नाही म्हणा. ह्यांचं व्हिजिटिंग कार्डं छापायचं दुकान. मागे एकदा तिथला कॉम्प्युटर जळाला. नव्यावर डिझाइनचा प्रोग्राम घालायचा तर सीडी हवी, डब्यावरचं स्टिकर हवं, स्टिकरवरची पंचवीस अक्षरं हवीत, आणि त्यातला तो 'ओ' आहे की शून्य हे सांगायला साक्षात देव हवा! कंपनीला फोन लावला तर तिकडून बाई कशी गोड, "सर, आधी जुन्या मशीनवरून लायसन्स काढा." हे म्हणाले, "अहो बाई, जुनं मशीन जळालं!" "हो सर. तर ते चालू करा, आणि काढा." चार दिवस! चार दिवस हे फोनला कान लावून बसले होते! तेव्हापासून ह्यांनी फाईल केलीय, सगळ्या नंबरांची, पावत्यांची... उशीएवढी जाड! आणि इथे? काही म्हणता काही विचारलं नाही!

तर फाईल काखोटीला मारून हे, मध्ये आत्याबाई, मागे मी, अशी वरात टॅबच्या दुकानात. नवा टॅब उघडला. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं जुनंच अकाउंट घाला." टकटकटक! आत्याबाईंनी खाली न बघता पासवर्ड घातला. ॲप स्टोअर उघडलं, आधी घेतलेल्या ॲप्सची यादी आली, आणि त्यात आमचं ॲप! शेजारी इवलासा ढग, ढगातून खाली येणारा बाण. किंमत नाही, फॉर्म नाही! हे घाम पुसत, "नंबर सांगू का? पान बारा... पावतीची झेरॉक्स आहे..." "काका, ढग दाबा." "पण जुना टॅब मोडलाय हो, त्याच्यावरून काढता नाही येणार..." "काका, दाबा हो!"

आत्याबाईंनीच दाबलं. एक गोल फिरला, भरला... झालं! तीच बाई, तोच आवाज, आणि साठवलेलं भाषणसुद्धा अकाउंटमधून जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट! ह्यांनी फाईल मिटली आणि हे शेजारच्या स्टुलाकडे सरकले, तोच टॅब कडाडला, "तू उभाच राहा!" अख्खं दुकान हसलं. मीही हसले, आणि डोळे का भरून आले ते मला विचारू नका.

पाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही मीटिंगमध्ये. भाषण झालं. सेक्रेटरींनी मिशीला हात लावला, "बघूऽऽ..." आणि टॅब म्हणाला, "पाच महिने बघताय. चला, आत्ताच जिन्याने चौथ्या मजल्यावर जाऊ आणि तिला बघू. सगळेच." सगळ्यांनी आपापल्या पोटाकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं... आणि लिफ्टच्या दुरुस्तीसाठी भराभर हात वर!

लिफ्ट सुरू झाली. मैत्रीण खाली आली त्या दिवशी आत्याबाई टॅब छातीशी धरून लिफ्टच्या दारात उभ्या होत्या. दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. आत्याबाईंनी एक अक्षर टाइप केलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळं छान झालं. पण माझी एक कुरकुर आहेच! अहो, त्या दुकानातल्या बाई निघताना बोलून गेल्या ना, "एकदा घेतलंय, आता आजींच्या फोनवरही चालेल, वेगळे पैसे नाहीत." मग काय, घरी येऊन घातलं फोनवरही! तेव्हाही त्या ॲप स्टोअरने काही म्हणता काही विचारलं नाही! पूर्वी टॅब चार्जिंगला लागला की अर्धा तास घरात मला तोंड उघडायला मिळायचं. आता टॅब चार्जिंगला लागला की फोन बोलतो. गेला माझा अर्धा तास... म्हणून तर तुम्हाला गाठलंय!